घरबसल्या सरकारी शाळा : प्रवेश कुठे, कसा आणि कोणासाठी?

आटगाव (ता. शहापूर), प्रतिनिधी : मुंबईपासून सुमारे ९५ किलोमीटरवर, आसनगाव आणि खर्डीच्या दरम्यान असलेल्या आटगाव स्थानकावर पहाटेची कसारा-मुंबई लोकल थांबते, तेव्हा फलाटावर नोकरदारांबरोबर दप्तर पाठीला लावलेली मुलेही उभी असतात. कोणी शहापूरला, कोणी कल्याणला, तर कोणी त्याहूनही पुढे शिकायला निघालेले असते. त्याच वेळी रुळांपलीकडच्या पाड्यांवर दुसरे चित्र दिसते. दिवाळी आटोपली, की कातकरी कुटुंबे भांडीकुंडी आणि कोंबड्यांसह वीटभट्टीची वाट धरतात आणि त्यांच्याबरोबर मुलेही शाळेतून निघून जातात. एकाला शाळा दूर, तर दुसऱ्याला शाळा जवळ असूनही मुक्काम दूर. 'ऑनलाइन शाळेत नाव घालता येईल का, आणि तेही फी न भरता?' हा प्रश्न म्हणूनच आज केवळ शहरातल्या संगणकधारी पालकांचा राहिलेला नाही.

या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. ते मुलाच्या वयावर, इयत्तेवर आणि पुढे त्याला कोणते प्रमाणपत्र हवे आहे, यावर अवलंबून आहे. चुकीच्या ठिकाणी नाव घातले, तर पैशापेक्षाही मोठी किंमत मोजावी लागते. मुलाचे वर्ष वाया जाते आणि हातात दाखलाही राहत नाही. त्यामुळे उपलब्ध मार्गांची माहिती एकत्रितपणे घेणे उपयुक्त ठरेल.

संकल्पना कोठून आली?

शाळेपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या मुलापर्यंत शाळेने जावे, हा विचार नवा नाही. ऑस्ट्रेलियातील अॅलिस स्प्रिंग्ज येथे १९५१ मध्ये रेडिओवरून भरणारी 'हवेतली शाळा' सुरू झाली. शेकडो किलोमीटर अंतरावरच्या गुरांच्या वाड्यांवर राहणारी मुले बिनतारी संचासमोर बसून धडे घेत. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने १९९७ मध्ये 'फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल' सुरू केले. पुढे अनेक राज्यांत शिक्षण शुल्क न घेणाऱ्या ऑनलाइन सार्वजनिक शाळा उभ्या राहिल्या. या शाळांचा खर्च करदात्यांच्या पैशातून भागवला जातो. त्यामुळे प्रवेशासाठी त्या राज्यात राहत असल्याचा पुरावा, जन्माचा दाखला, लसीकरणाची नोंद आणि आधीच्या शाळेची कागदपत्रे मागितली जातात. लहान वर्गांसाठी दिवसभर मुलाबरोबर बसणारी एक प्रौढ व्यक्ती घरात असणे गृहीत धरलेले असते.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही तिथे दिसली. ओहायो राज्यातील हजारो विद्यार्थ्यांची एक मोठी ऑनलाइन शाळा जानेवारी २०१८ मध्ये, शैक्षणिक वर्षाच्या मध्यातच बंद पडली. विद्यार्थी प्रत्यक्षात किती तास शिकत होते, यावरून राज्य सरकार आणि शाळा यांच्यात वाद झाला होता. मुलांना ऐन वर्षात नवी शाळा शोधावी लागली. पटावर नाव असणे आणि मूल शिकत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यातला धडा आपल्याकडेही लागू पडतो.

आपल्याकडे या दिशेने पाऊल टाकले ते घरोघरी दूरचित्रवाणी पोहोचण्याच्याही आधी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत बालवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा नेली. साधने वेगळी होती, सूत्र मात्र तेच होते. मूल जिथे आहे तिथे शाळा.

पहिली ते आठवी : घराजवळची शाळा हाच हक्क

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयोगटातील प्रत्येक बालकाला घराजवळच्या शाळेत मोफत प्राथमिक शिक्षण मिळण्याचा हक्क त्याने दिला. प्राथमिक शाळा साधारण १ किलोमीटरच्या, तर उच्च प्राथमिक शाळा ३ किलोमीटरच्या आत असावी, असे त्याचे निकष आहेत. या कायद्याच्या नजरेतून शाळा म्हणजे वर्गखोल्या, शिक्षक, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि मैदान असलेली मान्यताप्राप्त शाळा होय. केवळ पडद्यावर भरणारी शाळा त्यात बसत नाही. त्यामुळे पहिली ते आठवीच्या मुलासाठी जिल्हा परिषदेची, पालिकेची अथवा अनुदानित शाळा सोडून 'ऑनलाइन सरकारी शाळा' शोधणे सहसा मुलाच्या हिताचे नसते.

या कायद्याची काही कलमे पालकांना ठाऊक असायला हवीत. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला मिळण्यास उशीर झाला, हेदेखील नव्या शाळेने प्रवेश लांबवण्याचे कारण होऊ शकत नाही. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यानंतर आलेल्या मुलालाही दार बंद नसते. शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सोडलेल्या मुलाला त्याच्या वयाशी सुसंगत वर्गात बसवावे लागते, तसेच मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणही द्यावे लागते. तीव्र स्वरूपाचे किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या बालकासाठी २०१२ च्या दुरुस्तीने घरी राहून शिकण्याचा पर्यायही मान्य केला आहे. असे मूल घरात असल्यास पालकांनी ऑनलाइन शाळेच्या जाहिरातीऐवजी आधी पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे चौकशी करावी.

वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. गाव सोडताना मुख्याध्यापकांकडून हे कार्ड घ्यायचे आणि जिथे मुक्काम पडेल तेथील जवळच्या शाळेत ते दाखवायचे, अशी त्यामागची कल्पना आहे. ज्या मुलांना आजी-आजोबांकडे गावातच ठेवता येते, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आदिवासी मुलांसाठी निवास व भोजनासह मोफत शिक्षण देणाऱ्या आश्रमशाळा आहेत. त्यांच्या प्रवेशाची माहिती शहापूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात मिळते.

नववीनंतर : तीन वाटा

आठवी संपली, की मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याचे छत्र संपते. पाड्यावरची शाळा चौथी किंवा सातवीपर्यंत, माध्यमिक शाळा दूर, एसटीची फेरी चुकली तर दिवस बुडाला, अशा परिस्थितीत मुलींची शाळा सर्वांत आधी सुटते. घरबसल्या शिक्षणाचा खरा उपयोग याच टप्प्यावर होऊ शकतो. त्यासाठी प्रामुख्याने तीन वाटा आहेत.

पहिली वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजेच एनआयओएसची. १९७९ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा एक प्रकल्प म्हणून याची सुरुवात झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर नोव्हेंबर १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय ही स्वायत्त संस्था स्थापन झाली आणि २००२ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. मुख्यालय नोएडा येथे असून महाराष्ट्रासाठी पुण्यात विभागीय केंद्र आहे. दहावी समकक्ष माध्यमिक अभ्यासक्रमासाठी वयाची किमान १४ वर्षे, तर बारावी समकक्ष अभ्यासक्रमासाठी १५ वर्षे पूर्ण असावी लागतात. बारावी स्तरासाठी दहावी उत्तीर्ण असणेही आवश्यक आहे. दहावी स्तरावर मात्र आपण हा अभ्यासक्रम शिकण्याइतके शिकलो आहोत, असे स्वयंघोषणापत्र चालते. शाळा मध्येच सुटलेल्या मुलासाठी ही मोठी सवलत आहे.

उत्तीर्ण होण्यासाठी किमान ५ विषय लागतात व त्यांत किमान एक भाषा असावी लागते. माध्यमांत मराठीचाही समावेश आहे. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. नोंदणी ५ वर्षे वैध राहते आणि तेवढ्या काळात ९ संधी मिळतात. एखाद्या वेळी दोनच विषय द्यायचे आणि उरलेले नंतर द्यायचे, असेही करता येते. अन्य मंडळाच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या २ विषयांपर्यंतचे गुण पुढे नेण्याची सोय आहे. २०२१ मध्ये संस्थेने आभासी मुक्त विद्यालयही सुरू केले.

दुसरी वाट राज्याच्या मुक्त विद्यालयाची. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची स्थापना २०१७ मध्ये, पुण्यातील राज्य मंडळाच्या अंतर्गत झाली. पाचवी आणि आठवी या स्तरांच्या परीक्षांनी त्याचे काम सुरू झाले. पाचवीसाठी वयाची १० आणि आठवीसाठी १३ वर्षे पूर्ण असावी लागतात. कलावंत, खेळाडू, दिव्यांग मुले तसेच शाळेपासून तुटलेली मुले व प्रौढ हा त्याचा मुख्य वर्ग. उमेदवाराला नेमून दिलेल्या संपर्क केंद्राशी जोडले जाते.

तिसरी वाट जुनी आणि सर्वांना परिचित, ती म्हणजे '१७ नंबरचा फॉर्म'. शाळेत न जाता राज्य मंडळाची दहावी किंवा बारावीची परीक्षा खासगीरीत्या देण्याचा हा मार्ग आहे. दहावीसाठी किमान पाचवी उत्तीर्ण असून शाळा सोडलेली असावी लागते. बारावीसाठी दहावीनंतर २ वर्षांचे अंतर लागते. अर्ज आता ऑनलाइन भरावा लागतो आणि मूळ शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड व छायाचित्र द्यावे लागते. मूळ दाखला हरवला असेल, तर दुय्यम प्रत व प्रतिज्ञापत्र लागते. अर्ज भरताना निवडलेल्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात कागदपत्रे जमा करावी लागतात. ही नोंदणी परीक्षेच्या कितीतरी महिने आधी, साधारण पावसाळ्याच्या दिवसांत होते. जानेवारीत जागे होणाऱ्यांसाठी ही वाट त्या वर्षापुरती बंद झालेली असते.

याशिवाय दिल्ली सरकारने ३१ ऑगस्ट २०२२ रोजी 'दिल्ली मॉडेल व्हर्च्युअल स्कूल' सुरू केले होते. आठवी उत्तीर्ण असलेल्या १३ ते १८ वयोगटातील देशभरातील मुलांना नववीत विनाशुल्क प्रवेश, असे त्याचे स्वरूप होते. ही देशातील पहिलीच आभासी शाळा असल्याचा दावा झाला, तेव्हा आपले आभासी विद्यालय आधीच्या वर्षी सुरू झाल्याचे एनआयओएसने लगेच निदर्शनास आणले. परराज्यातील अशा शाळेचा विचार करताना चालू वर्षात प्रवेश सुरू आहेत का आणि दहावीची परीक्षा कोणत्या मंडळाची व कोठे द्यावी लागेल, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

'मोफत' किती मोफत?

शिक्षण शुल्क नसणे आणि खर्च नसणे यांत फरक आहे. एनआयओएस ही सरकारी संस्था असली, तरी ती प्रवेश व परीक्षा शुल्क घेते. मुली, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आदींना त्यात सवलत मिळते. १७ नंबरच्या अर्जासाठीही नोंदणी शुल्क असते. ही रक्कम दर काही वर्षांनी बदलत असल्याने अधिकृत संकेतस्थळावरील आकडाच ग्राह्य धरावा. सेवा केंद्रातून अर्ज भरल्यास पावती न चुकता घ्यावी.

उलट, साध्या जिल्हा परिषद शाळेत शुल्क तर नाहीच, शिवाय आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके आणि दुपारचे जेवण मिळते. ग्रामीण भागातील मुलींना शाळेत जाण्यासाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. पडद्यावरची शाळा यांतले काहीच देत नाही. ज्या घरात दुपारचे ताट हे मूल शाळेत जाण्याचे एक कारण असते, तिथे घरबसल्या शिक्षण हे महागच पडते.

करोनाने शिकवलेला धडा

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा साऱ्या राज्यावर ऑनलाइन शाळेचा प्रयोग एकदमच लादला गेला. २०१७ मध्ये सुरू झालेले 'दीक्षा' हे केंद्र सरकारचे व्यासपीठ त्या वेळी घरोघरी पोहोचले. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका दाखवण्यात आली. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडचा उपयोगही वाढला. त्या कोडच्या वापरासाठी ज्यांचे नाव घेतले जाते, ते सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर' पुरस्कार मिळाला. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यभर पुन्हा सुरू झाले.

दरम्यानच्या दीड वर्षात एक गोष्ट स्पष्ट झाली. धडा तयार असणे पुरेसे नसते. घरात एकच मोबाइल असेल आणि वडील तो घेऊन कामावर जात असतील, तर मुलाची शाळा संध्याकाळी सातनंतरच भरते. सह्याद्रीच्या कुशीतल्या पाड्यांवर सिग्नलसाठी टेकडी चढावी लागते. लहान मुलांचे अक्षर आणि वाचन समोर बसून पाहणारे कोणी नसेल, तर ते मागे पडते.

याच परिसरात तंत्रज्ञानाचा वेगळा आणि अधिक आशादायक वापरही झाला आहे. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथे जिल्हा परिषदेचे शिक्षक संदीप गुंड यांनी गावाच्या साहाय्याने डिजिटल शाळा उभी केली. तिथे संगणकाने शाळेची जागा घेतली नाही, तर तो शाळेत आला. शेजारच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या आजीबाई पाटी घेऊन बसल्या आणि जगभरात त्यांची छायाचित्रे पोहोचली. शाळा कोणत्या वयात आणि कोठे भरावी, याचा साचा मोडता येतो, हे या दोन्ही गावांनी दाखवून दिले. मात्र दोन्ही ठिकाणी समोर शिक्षक होता.

प्रवेश घेताना : क्रमाने काय करावे?

सर्वप्रथम मुलाचे वय आणि शेवटची उत्तीर्ण इयत्ता निश्चित करावी. वय १४ पेक्षा कमी असल्यास घराजवळच्या शाळेचाच विचार करावा व अडचण आल्यास केंद्रप्रमुख किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

वय १४ च्या पुढे असल्यास वरील तीन वाटांपैकी एक निवडावी. ज्याला राज्य मंडळाचीच पुस्तके परिचित आहेत आणि एकाच वेळी सर्व विषय झेपतील, त्याला १७ नंबरचा अर्ज सोयीचा. ज्याला थोडे थोडे विषय देत पुढे जायचे आहे, त्याला एनआयओएस.

कागदपत्रांची जुळवाजुळव आधी करावी. जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र, स्वाक्षरीची प्रत आणि लागू असल्यास जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला. सर्व कागदांवरील नाव व जन्मतारीख जुळते का, हे तपासावे. एका अक्षराच्या फरकामुळेही पुढे गुणपत्रिका अडते.

अर्ज करताना मोबाइल क्रमांक स्वतःचा किंवा घरातील व्यक्तीचाच द्यावा. दलालाचा क्रमांक दिल्यास परीक्षेचे वेळापत्रक, प्रवेशपत्र आणि निकाल या सर्व सूचना त्याच्याकडेच जातात. नोंदणी झाल्यावर जवळचे अभ्यास केंद्र किंवा संपर्क केंद्र कोणते मिळाले, तिथे संपर्क वर्ग केव्हा असतात, हे विचारावे. एनआयओएसमध्ये स्वाध्यायालाही गुण असतात आणि ते ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात.

अभ्यासाचे साहित्य विकत घेण्याची घाई करू नये. राज्याची पाठ्यपुस्तके बालभारतीच्या, तर मुक्त विद्यालयाचे साहित्य एनआयओएसच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे. अभ्यास घरी झाला, तरी लेखी परीक्षा मात्र केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. पाड्यापासून त्या केंद्रापर्यंत जाण्या-येण्याची व्यवस्था आधीच ठरवावी.

सावध राहावे असे काही

'परीक्षेविना दहावी', 'हमखास उत्तीर्ण', 'एका महिन्यात प्रमाणपत्र' अशा जाहिराती करणाऱ्यांपासून दूर राहावे. कोणतेही मान्यताप्राप्त मंडळ अशी हमी देत नाही. मान्यतेशिवाय प्राथमिक शाळा चालवण्यास कायद्याने मनाई असून त्यासाठी १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खासगी 'ऑनलाइन स्कूल'मध्ये प्रवेश घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. मंडळ कोणते? शाळेचा यू-डायस क्रमांक काय? दाखला कोणाच्या सहीने मिळेल? यांपैकी एकाचेही उत्तर टाळले गेले, तर ती शाळा नसून शिकवणी आहे, असे समजावे. शिकवणी घेण्यात गैर काही नाही, पण तिच्यासाठी मुलाचे नाव शाळेच्या पटावरून काढू नये.

नियमित शाळेतून नाव काढण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा. नवी नोंदणी पक्की झाल्याशिवाय दाखला काढू नये. दूरच्या प्रवासामुळे शाळा सोडण्याची वेळ आली असेल, तर वसतिगृह, आश्रमशाळा, एसटी पास हे पर्याय आधी तपासावेत.

शहरातील वाचकांनाही यात करण्यासारखे बरेच आहे. घरी कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी, इमारतीच्या पहारेकऱ्याचा मुलगा, गावाकडच्या घराची देखभाल करणाऱ्या कुटुंबातील शाळा सुटलेली मुले, यांपैकी कोणाचा तरी १७ नंबरचा अर्ज वेळेत भरून देणे हे एका दुपारचे काम आहे. आटगावच्या फलाटावरून लोकल पकडणाऱ्या मुलांना गाडी चुकली, तरी पुढची मिळते. नोंदणीची मुदत चुकलेल्या मुलाला मात्र वर्षभर थांबावे लागते. त्या वर्षभरात त्याच्या हातात पुस्तक राहील की विटांचा साचा येईल, हे बऱ्याचदा एवढ्याशा गोष्टीवर ठरते.